पाइपाचं वय, पाइपाची तब्येत

वारंगा फाटा कुठं आला, असं हॉस्टेलवर कुणी विचारलं की मी सांगते, नांदेडहून हिंगोलीला जाताना जिथं गाडी थांबली की लोक खिचडी खायला उतरतात, तो फाटा. एक रस्ता कळमनुरी-हिंगोलीकडं, एक हदगाव-उमरखेडवरून विदर्भात, एक अर्धापूरवरून नांदेडला. समुद्र इथून इतका लांब की आमच्या आजीनं तो फक्त टीव्हीत पाहिलाय. मीसुद्धा एकदाच पाहिला, दहावीच्या सहलीत, तोही ओहोटीचा.

पाइप मात्र आमच्याकडं सगळ्यांना कळतो. ईसापूर धरणाचा कालवा आला, त्याच्या आजूबाजूच्या विहिरींना पाणी आलं आणि ऊस, केळी, हळद वाढली. विहीर एकीकडं, रान दुसरीकडं, त्यामुळं मधे पाइपलाइन. कुणाची हजार फूट, कुणाची दोन-अडीच किलोमीटर. दुकानात गेलं की शेतकरी इंचाबरोबर 'किलो' सांगतो. अडीच किलोचा पाइप, चार किलोचा, सहा किलोचा. नवख्याला वाटतं हे पाइपाचं वजन. ते वजन नाही, पाइप दर चौरस सेंटिमीटरला किती किलो दाब सोसतो तो आकडा. फ्लुइड मेकॅनिक्सचं पुस्तक उघडायच्या आधीपासून हे युनिट मला पाठ होतं, आणि एसआय युनिटच्या हट्टापायी पहिल्या वर्षी माझे मार्कही गेले होते.

तर मित्रांनो, फायनल इयरला सेमिनारचे विषय वाटले तेव्हा माझ्या वाट्याला आला 'समुद्राखालच्या जुन्या तेलवाहिनीची पुनर्वापरापूर्वीची तपासणी'. मेकॅनिकलला आमच्या वर्गात मुली सहा. त्यातल्या पाच जणींना रोबोट, बॅटरी, थ्रीडी प्रिंटिंग असले दिसायला झकास विषय मिळाले. मला जुना पाइप! मैत्रिणी म्हणाल्या, "फाट्याची पोरगी समुद्रात चालली." मीही हसले. पण वाचायला लागल्यावर हसू थांबलं, कारण त्याच महिन्यात घरी एका जुन्या पाइपलाइनवरून रोज रात्री चर्चा चालली होती. ते पुढं सांगते. आधी समुद्र.

आपल्या महाराष्ट्राच्या समुद्रात तेल सापडलं १९७४ मध्ये. 'सागर सम्राट' या जहाजावरून विहीर खणली आणि मुंबईपासून साधारण १६० किलोमीटर पश्चिमेला बॉम्बे हाय, म्हणजे आजचं मुंबई हाय, मिळालं. मे १९७६ पासून उत्पादन सुरू झालं. सुरुवातीला तेल जहाजात भरून आणत. मग १९७८ मध्ये समुद्रतळावरून उरणपर्यंत पाइपलाइन आली. तेलाची ३० इंची, गॅसची २६ इंची, लांबी दोनशे किलोमीटरच्या आसपास. तिथं समुद्राची खोली सत्तर-ऐंशी मीटर. उरणहून पुढं तेल तुर्भ्याच्या रिफायनऱ्यांना. तेव्हापासून त्या समुद्रात प्लॅटफॉर्म ते प्लॅटफॉर्म आणि प्लॅटफॉर्म ते किनारा अशा पाइपांचं जाळंच झालं. साधारणपणे असा पाइप पंचवीस वर्षांचा धरून डिझाइन करतात. पंचवीस वर्षं झाली म्हणून तेल संपत नाही, आणि सगळे पाइप एका दिवसात बदलता येत नाहीत. ओएनजीसी टप्प्याटप्प्यानं जुन्या वाहिन्या बदलत आली आहे. म्हणजे दरवेळी कुणाला तरी ठरवावं लागतं, कोणता पाइप आज बदलायचा, कोणता आणखी चालवायचा आणि बंद ठेवलेला कोणता पुन्हा कामाला लावायचा.

चुकलं तर काय होतं तेही याच किनाऱ्यानं पाहिलंय. १७ मे १९९३ रोजी बॉम्बे हायकडून उरणला येणारी तेलवाहिनी समुद्रात फुटली आणि राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांना मुरुडच्या किनाऱ्यावर पाण्याचे आणि जीवांचे नमुने तपासावे लागले. जानेवारी २०११ मध्ये मुंबई-उरण वाहिनीला पुन्हा गळती लागली. ऑक्टोबर २०१३ मध्ये तर उरणच्या किनाऱ्यावरच तेल आलं. आणि २६ जुलै २००५ च्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी, २७ जुलैला, बॉम्बे हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मच्या रायझरला जहाज धडकलं. रायझर म्हणजे समुद्रतळावरचा पाइप जिथं उभा होऊन प्लॅटफॉर्मवर चढतो तो भाग. आग लागली, २२ माणसं गेली, काही तासांत प्लॅटफॉर्म नाहीसा झाला. त्या दिवशी दोष पाइपाच्या वयाचा नव्हता. पण आत किती मोठी ताकद कोंडलेली असते ते त्यावरून कळतं. गळतीचा पहिला फटका कोळ्यांना बसतो, ज्यांनी त्या पाइपातलं एक लिटरही विकलेलं नसतं.

आता पाइप म्हातारा होतो म्हणजे काय होतं? मला आधी वाटायचं, खारं पाणी बाहेरून पाइप खातं. खरं तर बाहेरची बाजू बरीच सांभाळलेली असते. पोलादावर डांबरासारखं किंवा इपॉक्सीचं अस्तर, त्यावर काँक्रीटचा जाड थर, म्हणजे वजनही राहतं आणि पाइप तरंगत नाही. शिवाय ठरावीक अंतरावर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची कडी बसवलेली असतात. समुद्राचं पाणी आधी त्या कड्यांना खातं, पोलादाला नंतर. कडी किती झिजली ते पाण्याखालचा रोबोट कॅमेऱ्यानं पाहतो आणि पाइपाचं विद्युत विभव मोजतो. कडी संपत आली तर नवी बसवता येतात. हे दुखणं बाहेरून दिसतं, म्हणून त्यावर औषधही आहे.

आतलं दुखणं वेगळं. विहिरीतून नुसतं तेल येत नाही. सोबत पाणी येतं, कार्बन डायऑक्साइड येतो, कधी हायड्रोजन सल्फाइड. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की कार्बोनिक आम्ल, म्हणजे आपला सोडाच, फक्त पोलादाला न पचणारा. तेलक्षेत्र तरुण असतं तेव्हा प्रवाह जोरात असतो आणि पाणी तेलात घुसळलेलं राहतं. क्षेत्र म्हातारं झालं की तेल कमी आणि पाणी जास्त होतं, वेगही कमी होतो. मग पाणी खाली बसतं. पाइपाच्या तोंडाशी उभं राहून आत पाहिलं आणि ते घड्याळ आहे असं समजलं, तर सहाच्या काट्याजवळ. त्याच्यावर मेण आणि गाळ साचतो, गाळाखाली जिवाणू घर करतात. तिथं पोलाद झिजत जातं, बाराच्या बाजूला नव्यासारखं लखलखीत. म्हणून 'पाइप सत्तर टक्के चांगला आहे' असल्या वाक्याला काही अर्थ नाही. फुटतो तो उरलेल्या तीस टक्क्यांत.

आणि बंद ठेवलेला पाइप? तो जपला असेल असं आपल्याला वाटतं. न वापरलेली सायकल जशी नवी राहते तसं. (राहत नाही, हॉस्टेलच्या स्टँडवर जाऊन बघा.) पाइप बंद करताना आतून धुऊन, त्यात जिवाणूनाशक आणि ऑक्सिजन शोषणारं रसायन घातलेलं पाणी किंवा कोरडा नायट्रोजन भरून ठेवला असेल तर ठीक. नुसताच व्हॉल्व्ह बंद करून सोडला असेल, तर साचलेलं पाणी वर्षानुवर्षं एकाच जागी बसून काम करतं. चालता पाइप निदान धुतला तरी जातो. त्यामुळं पुनर्वापराच्या वेळी पहिला प्रश्न 'किती वर्षं वापरला' एवढाच नसतो. 'बंद असताना आत काय होतं' हाही असतो.

आत काय झालंय हे पाहायला माणूस जाऊ शकत नाही, म्हणून पिग जातो. हो, डुक्करच. तेलवाल्यांनी हे नाव का ठेवलं याच्या दोन-तीन कथा आहेत. मला पटणारी ही, की जुने पिग पाइपातून जाताना घासून डुकरासारखे किंचाळायचे. मी फोनवर बाबांना सांगितलं, "पाइपात डुक्कर सोडतात." ते म्हणाले, "आपल्या रानात रोजच सोडलेले हायेत की." आमच्याकडं रानडुकरांचा त्रास किती आहे ते हळदवाल्यांना विचारा.

आधी साधे पिग जातात, स्पंजाचे, ब्रशचे. मुंबई हायच्या तेलात मेण बरंच, ते खरवडावं लागतं. मग पातळ धातूची चकती लावलेला पिग. चकती वाकून आली तर समजायचं, पाइप कुठं तरी चेपलाय. एवढं पार पडलं की शहाणा पिग जातो. त्याच्या अंगावर जबरदस्त चुंबक असतात. भिंत पूर्ण जाडीची असेल तर चुंबकीय प्रवाह भिंतीतून निमूट जातो. भिंत झिजलेली असेल तिथं तो बाहेर सांडतो. तो सांडलेला प्रवाह सेन्सर टिपतात आणि दोनशे किलोमीटरचा हिशोब पिगच्या पोटात साठतो. दुसरा प्रकार अल्ट्रासॉनिकचा, आवाज पाठवून प्रतिध्वनीवरून जाडी मोजणारा. त्याला आवाज वाहून न्यायला पाइपात द्रव लागतो.

हे वाचून मला वाटलं, संपला विषय. पिग सोडा, रिपोर्ट घ्या. सर म्हणाले, "त्या रिपोर्टात दोष किती येतील?" हजारो येतात. मग ठरवायचं काय? इथून पुढचं मला मनापासून आवडलं.

समजा एक पाइप आहे. ३० इंच म्हणजे ७६२ मिलिमीटर व्यास, भिंत १२.७ मिलिमीटर, पोलादाची यील्ड स्ट्रेंग्थ ४१४ मेगापास्कल. हा उदाहरणाचा पाइप आहे, उरणचा नव्हे. सुधारित बी ३१ जी हे सूत्र लावलं तर तो धडधाकट असताना फुटायला साधारण १६४ किलो दाब लागतो (बाबांचं युनिट, दर चौरस सेंटिमीटरला). नेहमीच्या नियमानं, म्हणजे यील्डच्या ७२ टक्के ताणाच्या हिशोबानं, त्यात चालवायचा दाब १०१ किलोपर्यंत. आता आत अर्ध्या भिंतीइतका खोल खड्डा पडलाय असं धरा. खड्ड्याची लांबी २० मिलिमीटर असेल तर फुटण्याचा दाब येतो १६३. फरक जवळजवळ शून्य! तेवढाच खोल, पण पाइपाच्या लांबीत २०० मिलिमीटर पसरलेला असेल तर १२२. आणि तीच अर्धी भिंत सहाच्या काट्यावर एक मीटरभर चराप्रमाणे गेली असेल तर १०१. म्हणजे ज्या दाबावर चालवायची परवानगी होती, त्याच दाबावर फुटणार. खोली तिन्ही ठिकाणी एकच.

मी हे तीनदा कॅलक्युलेटरवर करून पाहिलं. आपण डोळ्यानं खोल खड्ड्याला घाबरतो, पण लहान खड्ड्याच्या चहूकडं धडकी भिंत असते आणि ती ताण वाटून घेते. लांब चराला शेजारच नसतो. (लहान खड्डा आरपार गेला तर गळतो, ते वेगळं संकट. भिंतीच्या ८० टक्क्यांहून खोल दोष या नियमात मुळीच ठेवता येत नाही.) गंमत पुढं आहे. नेहमीचा चुंबकीय पिग भिंतीला पाइपाच्या लांबीच्या दिशेनं चुंबकित करतो. त्यामुळं त्याच दिशेनं गेलेला अरुंद चर त्याला सगळ्यात कमी दिसतो. म्हणजे ज्याची भीती जास्त तेच कमी दिसणार! म्हणून जिथं सहाच्या काट्यावरच्या चराचा संशय असेल तिथं आडव्या दिशेनं चुंबकित करणारा पिग किंवा अल्ट्रासॉनिक लागतो. संशय यायला पाइपाचा इतिहास माहीत पाहिजे.

शिवाय पिगच्या खोलीच्या मापात भिंतीच्या जाडीच्या अधिक-उणे दहा टक्के एवढी चूक नेहमीच धरतात, तीही दहात आठ वेळा. म्हणजे पन्नास टक्के म्हणाला तर साठ असू शकतं. तो मीटरभराचा चर साठ टक्के खोल धरला की १०१ चे ८७ होतात. एका मापाच्या चुकीत पाइप पास किंवा नापास.

आणि किती वर्षं चालेल हा प्रश्न तर याहून अवघड. तीस वर्षांत ३ मिलिमीटर झिजला, म्हणजे वर्षाला ०.१, म्हणजे पुढचे ३ मिलिमीटर आणखी तीस वर्षं, असा हिशोब आमच्या वर्गातल्या कुणीही केला असता. पण त्या तिनातले दोन मिलिमीटर शेवटच्या पाच वर्षांत, पाणी वाढल्यावर गेले असतील तर वेग ०.४ येतो आणि तेच ३ मिलिमीटर साडेसात वर्षांत संपतात. एका तपासणीतून जाडी कळते, वेग कळत नाही. वेगासाठी दोन तपासण्या लागतात, नाहीतर जुन्या नोंदी. तेलातलं पाणी कधी वाढलं, गंजरोधक रसायन कोणत्या महिन्यात बंद पडलं, कुठला तुकडा कधी बदलला. १९७० च्या दशकातला पाइप असेल तर या नोंदी कागदावर, कुठल्या तरी कपाटात. कपाट शोधणं हेसुद्धा इंजिनिअरिंग आहे हे आम्हाला कुठल्याच सेमिस्टरला शिकवलं नाही.

आता घरचं. आमच्या आबांनी ओढ्याजवळच्या विहिरीपासून वरच्या रानापर्यंत पाइपलाइन टाकली होती. तीन इंची, चार किलोची, १३० पाइप, म्हणजे २६०० फूट. पुढं वरच्या रानातच बोअर लागला आणि ही लाइन बारा वर्षं बंद राहिली. यंदा बोअरनं दगा दिला. विहिरीला पाणी आहे. हळद लावायची तर पाणी वर न्यायलाच हवं. नवे १३० पाइप घ्यायचे तर त्याचे पैसे हळदीच्या बेण्याइतकेच होत होते. दोन्ही जमणार नव्हतं. लाइन जुनी वापरावी तर दिवाळीनंतर, पीक कमरेला आल्यावर फुटली की उभ्या हळदीत चर खणायचा. बाबा रात्री फोनवर विचारायचे, "इंजिनिअर बाई, सांग की माय, चालंल का नाही?"

दुकानदार म्हणाला, टाकून द्या. काका म्हणाले, प्लास्टिकला काय होतंय, शंभर वर्षं जातंय. दोघांनीही पाइप पाहिला नव्हता.

मी सुट्टीला गेले तेव्हा आधी कागद काढला. विहीर आणि रान यात २४ मीटरचा चढ, साधारण सारखाच चढत गेलेला. म्हणजे विहिरीजवळ नुसत्या उभ्या पाण्याचाच दाब २.४ किलो, मोटार चालू असताना घर्षणाचा मिळून तीनच्या पुढं. चार किलोचा पाइप, म्हणजे बसतंय की. पण आमच्याकडं लाइट जाते. ती सांगून जात नाही. वर चाललेला लोंढा एकदम थांबतो, मागं येतो आणि विहिरीजवळचा व्हॉल्व्ह धाडकन बंद होतो. त्या आघाताचा दाब आमच्या लाइनीत अडीच किलोच्या आसपास येत होता. २.४ आणि २.५ म्हणजे ४.९. चार किलोच्या, पंचवीसेक वर्षांच्या पाइपाला हे रोज दोनदा! अर्ध्या चढावर मात्र उभ्या पाण्याचा दाब निम्माच, १.२. तिथं आघात धरूनही ३.७. म्हणजे खालचा आणि वरचा पाइप एकाच दिवशी, एकाच दुकानातून आणलेला असला तरी दोघांचं आयुष्य वेगळं गेलं होतं, आणि पुढंही वेगळं जाणार होतं. बाबांना आठवलं, पूर्वी लाइन तीनदा फुटली ती तिन्ही वेळा विहिरीकडच्या अंगालाच.

मग खणलं. सगळीकडं नाही, सहा ठिकाणी, आणि जागा निवडून. विहिरीजवळ दोन, कारण दाब. पांदण ओलांडते तिथं एक, कारण वरून उसाचे ट्रॅक्टर जातात. वरच्या रानात पाइप उघडा पडला होता तिथं एक, कारण ऊन लागून तो ठिसूळ होतो. आणि काळ्या मातीत जिथं उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात तिथं दोन. काळी माती उन्हाळ्यात आखडते, पावसाळ्यात फुगते आणि जॉइंट ओढते. समुद्रतळाची वाळूही अशीच जागा सोडते. प्रवाहानं पाइपाखालची वाळू वाहून जाते, पाइप अधांतरी लटकतो, पाण्याच्या भोवऱ्यांनी थरथरतो आणि वेल्डला थकवा येतो. आमच्याकडं वेल्ड नाही, सोल्युशन लावलेला जॉइंट आहे, एवढाच फरक.

खालचे दोन्ही खड्डे पाहून बाबाच म्हणाले, हे नको. ऊन लागलेला वरचा तुकडा हातानं दाबला तर चिरला. बाकी ठीक दिसत होतं, पण दिसण्यावर विश्वास ठेवायचा नाही हे मी महिनाभर वाचत होते. खालचे ६० पाइप तोडले, वरचा चिरलेला तुकडा बदलला. मग उरलेल्या ७० पाइपांची दोन्ही टोकं बंद करून लाइन पाण्यानं भरली, वरच्या टोकाची हवा पूर्ण काढली आणि फवारणीच्या एचटीपी पंपानं दाब दिला. त्याला घड्याळ असतंच. इथं एक सूचना : कुणी असं करणार असेल तर पाण्यानंच करा, कंप्रेसरच्या हवेनं कधीही नको. पाणी फुटलं तर भिजवतं, दाबलेली हवा फुटली की पाइपाचे तुकडे उडतात. समुद्रातल्या पाइपाचीही शेवटची परीक्षा पाण्यानंच घेतात, चालवायच्या दाबापेक्षा जास्त दाब देऊन आणि तासन्‌तास थांबून.

आम्ही पाच किलो दिला. वीस मिनिटांत काटा तीनवर. भावाला चालत पाठवलं. पांदणीच्या पलीकडं एक्केचाळिसाव्या पाइपाच्या जॉइंटवर माती काळी पडलेली. तो जॉइंट बदलला, सोल्युशन एक दिवस वाळू दिलं. दुसऱ्या वेळी काटा थोडा उतरला, पाइप ताणतोच, पुन्हा पाचवर आणला आणि दोन तास तो तिथंच राहिला. आई दोनदा चहा घेऊन आली, दोनदा काट्याकडं बघून गेली. खालचे ६० पाइप नवे, सहा किलोचे आणले. बेण्याचे पैसे वाचले. सगळे नाही, पण लागवडीपुरते.

सेमिनारला सरांनी याच्यावर बोट ठेवलं. त्यांनी विचारलं, दोन तास टिकला म्हणून पाच वर्षं टिकेल कशावरून? मी सांगितलं, टिकेल असं मी म्हणतच नाही. त्या दिवशी पाच किलोला जे फुटलं असतं असं काही लाइनीत नव्हतं, एवढंच त्या चाचणीनं कळतं. आम्ही ती दरवर्षी मृगाच्या आधी करणार आहोत, कारण तेव्हा रान रिकामं असतं. समुद्रातही पुढची तपासणी कधी, हे आजच्या झिजेच्या वेगावरून ठरवतात, वाढदिवसावरून नव्हे.

दुसरा प्रश्न होता, पुनर्वापर कशासाठी? हा प्रश्न जगभर सध्या गाजतोय. तेल संपलेल्या क्षेत्रांच्या पाइपांतून उलट्या दिशेनं कार्बन डायऑक्साइड न्यायचा आणि रिकाम्या खडकात कोंडायचा. स्कॉटलंडजवळच्या गोल्डनआय क्षेत्राचा शंभरेक किलोमीटरचा २० इंची पाइप या कामाला घ्यायचं ठरलं होतं, पण २०१५ मध्ये तिथल्या सरकारनं पैसे काढून घेतल्यावर तो प्रकल्प बारगळला. इंग्लंडच्या लिव्हरपूल बे प्रकल्पात जुने पाइप आणि प्लॅटफॉर्म वापरायचा निर्णय एप्रिल २०२५ मध्ये पैशांसकट पक्का झाला. इथं सगळी परीक्षा पुन्हा पहिल्यापासून. तेलासाठी पास झालेला पाइप या वायूसाठी पास असेलच असं नाही. वायूत ओल राहिली तर पुन्हा तेच आम्ल. दाब अचानक सुटला तर तो इतका थंड होतो की पोलाद ठिसूळ होतं, आणि एकदा सुरू झालेली चीर चेन उघडावी तशी लांबवर पळू शकते. १९७० च्या दशकात पोलाद बनवताना हे कुणी मागितलंच नव्हतं. मला वाटतं आपल्याकडंही मुंबई हायच्या पाइपांबद्दल हा प्रश्न येईल, आणि तेव्हा पहिलं काम जुनी कपाटं उघडण्याचं असेल.

खालचे जे ६० पाइप काढले त्यातले चिरलेले बाजूला केल्यावर अडतीस उरले. ते गोठ्यामागं रचून ठेवलेत. गेल्या आठवड्यात शेजारचे काका आले, म्हणाले, "विकणार का? चांगले हायेत ना?" बाबा म्हणाले, "चांगले म्हंजी? कुठं लावायलास? पाणी वर चढवायचंय का उतारानं न्यायचंय?" काकांना कालव्यावरून खाली, उताराच्या रानात पाणी न्यायचं होतं. अकरा पाइप घेऊन गेले. बाकीचे सत्तावीस अजून तिथंच आहेत. त्यांच्यावर ऊन पडू नये म्हणून आईनं वरून जुना पाचटाचा थर टाकलाय.